मदत हवी आहे : नाव झाकून हेडफोनची तुलना कशी करावी?

आम्हा चार मित्रांत सेनहायझर एचडी 600 (विद्युत अवरोध 300 ओहम) आणि बायरडायनॅमिक डीटी 990 प्रो (250 ओहम) यांवरून दोन तट पडले असून, आपल्या पक्षाचा हेडफोन न आवडणाऱ्याचे कानच तयार नाहीत, असे दोन्ही बाजू बिनदिक्कत सांगतात. (मी एचडी 600 वाला, त्यामुळे माझ्या मताला घरात किंमत नाही.)

डोळ्यांवर पंचा बांधून, तिसऱ्याने हेडफोन डोक्यावर चढवायचा, असे करून पाहिले. परंतु एचडी 600 ची कानांवरची घट्ट पकड आणि डीटी 990 ची खांद्यावर ओढणारी स्प्रिंगसारखी वायर यांमुळे गाणे सुरू होण्याआधीच ओळख पटते. शिवाय किंचित मोठा आवाज नेहमीच सरस वाटतो, म्हणून मल्टिमीटरने दोन्हींचा व्होल्टेज सारखा केला; मात्र संवेदनशीलता (तेवढ्याच व्होल्टेजवर किती मोठा आवाज निघतो ते) वेगळी असल्याने कानाला पातळी सारखी लागत नाही. फोनचा माइक पॅडमध्ये धरला, तर तो जरासा सरकताच आकडा बदलतो.

हर्मन या ऑडिओ कंपनीत संशोधन करताना शॉन ऑलिव्ह यांनी एकाच हेडफोनवर इक्वलायझरने (खर्ज, मध्य, तार असे स्वरपट्टे कमी-जास्त करून) इतरांचा आवाज उभा करून चाचण्या घेतल्याचे वाचले आहे. आमच्याकडे लॅपटॉप, यूएसबी डॅक (डिजिटल संगीताचे विद्युत संकेतात रूपांतर करणारे उपकरण) आणि जास्तीत जास्त तीन हजार रुपये आहेत. नवा हेडफोन घेणे नाही. एवढ्या सामग्रीत इक्वलायझरची ही पद्धत विश्वासार्ह ठरेल का, आणि नसल्यास दोन्हींची पातळी घरच्या घरी नेमकी कशी जुळवावी?