राद्दा-बाईंचं कार्ला खरं मानायचं का?

पेठेतली_वाचक: एम.ए.च्या प्रबंधासाठी थिऑसॉफीच्या (सगळ्या धर्मांमागे एकच गूढ ज्ञान आहे असं मानणाऱ्या चळवळीच्या) सुरुवातीच्या लेखिका घेतल्यात: ब्लाव्हाट्स्की, मेबल कॉलिन्स, ॲना किंग्सफर्ड, ॲनी बेझंट. ब्लाव्हाट्स्कींनी 'राद्दा-बाई' या नावाने केलेलं कार्ल्याच्या लेण्यांचं वर्णन १८७९च्या प्रवासाचा पुरावा म्हणून चालेल? शिवाय चळवळीच्या 'थिऑसॉफिस्ट' मासिकाचे अंक सालावरून शोधले की भलताच खंड हाती येतो.

जुने_अंक: खंडाचं कोडं सोपं आहे. मासिक मुंबईत ऑक्टोबर १८७९ला निघालं, म्हणून खंड ऑक्टोबर ते सप्टेंबर चालतो. मार्च १८८२ तिसऱ्या खंडात, नोव्हेंबर १८८२ चौथ्यात. तळटीपेत महिना हवाच, नुसतं साल दिलंत तर घोटाळा ठरलेला. स्कॅनमध्ये शोधताना 'कार्ला', 'पुणे' टाकून काही मिळणार नाही. इंग्रजांच्या 'कार्ली', 'पूना' या स्पेलिंगने शोधा.

लेणी_आणि_लेख: पुरावा म्हणून एकटं नको. मॉस्कोच्या वृत्तपत्रासाठी राद्दा-बाई या टोपणनावाने लिहिलेली ती रशियन पत्रं. प्रवासात कल्पित बेमालूम मिसळलंय. इंग्रजी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १८९२ला भाची व्हेरा जॉन्स्टन यांनी केलं, तेही संक्षिप्त. थिऑसॉफिकल सोसायटीचे सहसंस्थापक आणि त्या प्रवासातले सोबती ऑल्कॉट यांच्या 'ओल्ड डायरी लीव्हज' या आठवणींचा दुसरा भाग शेजारी उघडा, त्यात एप्रिल १८७९ची कार्ल्याची फेरी आहे. वहीत दोन रकाने पाडा, एक राद्दा-बाईंचा, एक ऑल्कॉटचा; दोन्हीत तारीख, वाट, सोबती, मुक्काम लिहा. दोन्हीकडे जुळेल तो प्रवास, फक्त राद्दा-बाईंकडे असेल ते साहित्य. आणि साहित्य म्हणून ते झकास आहे, त्याला कमी लेखू नका.

जुने_अंक: बाकीच्या तिघींना एका माळेत ओवू नका. कॉलिन्स यांच्या 'लाइट ऑन द पाथ'वर (१८८५) लेखिकेची फक्त आद्याक्षरं आहेत, एम. सी.; पूर्ण नावाने शोधलं तर पहिली आवृत्ती हुकते. कॉलिन्स १८८७ला ब्लाव्हाट्स्कींबरोबर 'ल्यूसिफर' या थिऑसॉफीच्या मासिकाच्या संपादक झाल्या आणि १८८९ला बाहेर पडल्या. किंग्सफर्ड १८८३ला सोसायटीच्या लंडन शाखेच्या, म्हणजे लंडन लॉजच्या, अध्यक्ष होत्या, पण पुढच्याच वर्षी त्यांनी पाश्चात्त्य गूढविद्येसाठी वेगळी हर्मेटिक सोसायटी काढली. त्यांना 'शिष्या' म्हणणं चूकच. बेझंटबाई तर ब्लाव्हाट्स्कींच्या 'सीक्रेट डॉक्ट्रिन' या ग्रंथाचं परीक्षण लिहून मग १८८९ला सोसायटीत आल्या. त्याआधीचं त्यांचं लेखन नास्तिक मतप्रसाराचं, ते थिऑसॉफीच्या खात्यात टाकू नका.

पेठेतली_वाचक: आभार. पुण्याचा आणखी काही धागा?

लेणी_आणि_लेख: थिऑसॉफिस्ट मार्गारेट कझिन्स. त्यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन जानेवारी १९२७ला पुण्यातच भरलं. पण तुमच्या काळाच्या बाहेर जातं, फार तर एक तळटीप.