मदत हवी आहे: खाजगी जागी गाठ लागतेय, कुणाला दाखवू?

नाशिककर९: अंघोळ करताना हाताला गाठ लागली. आधी नव्हती, हे नक्की. दुखत नाही. नेटवर वाचून डोकं फिरलंय. फॅमिली डॉक्टर बाबांचे मित्र, तिथे जाणार नाही. कोणत्या डॉक्टरकडे जाऊ एवढंच सांगा. प्लीज लवकर.

वऱ्हाडी: भाऊ, गाठ कुठे ते तर लिहा! पुरुष की बाई, वय किती, काहीच नाही.

रानवारा: जांघेत असेल तर अवधाण आलं असेल. पायाला जखम झाली की येतं, मला दरवर्षी येतं.

नाशिककर९: पुरुष, वय २७. जांघेत नाही, अंडकोषात, उजवीकडे. डॉक्टर कोणता?

झाडीपट्टी: हायड्रोसील असणार, म्हणजे अंडकोषात पाणी साठणं. आमच्या गडचिरोलीकडे हत्तीरोगामुळे खूप जणांना होतं, मलाही होतं. अंधारात मागून टॉर्च लावा, लाल उजेड आरपार दिसला तर पाणी समजा. ऑपरेशन साधं असतं, घाबरू नका.

वैद्यकन्या: आधी कांचनार गुग्गुळ घ्या. उगाच चिरफाड नको.

सोनोताई: सोनोग्राफी विभागात काम करते म्हणून सांगते, टॉर्चवर विसंबू नका. आत गाठ असली तरी तिच्याभोवती पाणी साठू शकतं. गाठ मऊ की कडक? वृषणाला धरूनच आहे की वेगळी सरकते?

क्रिकेटवेडा: युवराज सिंगला हेच झालं होतं ना? बरा होऊन परत खेळला.

वऱ्हाडी: त्याची गाठ छातीत होती, दोन फुफ्फुसांच्या मधे. सेमिनोमा, म्हणजे वृषणात होतो त्याच जातीचा कॅन्सर, पण जागा वेगळी. अर्धवट सांगून पोराला घाबरवू नका.

सुखीसंसार: लग्न झालंय का? मांडीवर लॅपटॉप घेणं आणि घट्ट चड्डी बंद करा, पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते म्हणतात.

नाशिककर९: लग्नाचं कुठे विचारलंय मी? गाठ कडक आहे, वाटाण्याएवढी, वृषणाचाच भाग असल्यासारखी. लहानपणी त्या बाजूचं वृषण खाली उतरलं नव्हतं, ऑपरेशन झालंय. त्याचा काही संबंध नसेल.

सोनोताई: संबंध आहे! न उतरलेल्या वृषणात कॅन्सरचा धोका जास्त, ऑपरेशननंतरही थोडा राहतोच. तुमचं वयही त्यातलंच, १५ ते ३५. साधी गाठही निघू शकेल, पण दुखत नाही म्हणून थांबू नका. याच आठवड्यात युरोलॉजिस्टला, म्हणजे मूत्रमार्ग आणि पुरुषांच्या जननेंद्रियांच्या डॉक्टरला, दाखवा. अंडकोषाची डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी) सोनोग्राफी आणि एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच या रक्ततपासण्या सांगतील. कॅन्सरचा संशय असेल तर तिथे सुई घालून तुकडा काढत नाहीत, वृषण जांघेतून काढतात. वेळेत सापडला तर हा कॅन्सर जवळजवळ नेहमी बरा होतो. आणि मधेच अचानक जोरात दुखलं तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो, तडक इमर्जन्सीत जा. तिथे तासांचा प्रश्न असतो.

वैद्यकन्या: तुम्ही उगाच कॅन्सर कॅन्सर करताय. माझ्या मामांची गाठ गुग्गुळाने विरघळली.

वऱ्हाडी: मामांची गाठ कुठे होती?

वैद्यकन्या: मानेला.

झाडीपट्टी: मला ही लहानपणीच्या ऑपरेशनची गोष्ट माहीत नव्हती. टॉर्च राहू द्या भाऊ, ताई सांगतात ते करा.

नाशिककर९: उद्या संध्याकाळची अपॉइंटमेंट मिळाली. सोनोग्राफी बाई करणार असतील तर? आणि रिपोर्टवर दुसरं नाव चालेल का?

सोनोताई: पुरुष डॉक्टर हवेत असं फोनवरच सांगा, कुणी वाईट वाटून घेत नाही. नाव मात्र खरंच द्या, पुढची सगळी ट्रीटमेंट आणि इन्शुरन्स त्याच रिपोर्टवर चालतो. लहानपणच्या ऑपरेशनचे कागद आईकडे असतील तर मागून घ्या.