अलर्ट आला म्हणजे वणवा विझला का?

पश्चिम_नागपूर: उपग्रहाने टिपलेल्या आगीचा ठिपका आता थेट बीटगार्डच्या (वनरक्षकाच्या) मोबाइलवर येतो. मग आग पसरू नये म्हणून दरवर्षी जाळरेषा (गवत-पाला काढलेला पट्टा) कापायला आणि हंगामी अग्निरक्षक ठेवायला पैसा कशाला? तोच नकाशांत घाला.

जाळरेषा: राजेहो, हे वाचून राहवलं नाही. व्हिअर्स हा उष्णता टिपणारा कॅमेरा असलेले उपग्रह दुपारी दीडच्या आगेमागे जातात, मग थेट रात्री दीडला. दुपारी तीनला काडी पडली तर दहा तास ते पाहत नाहीत. आणि ठिपका म्हणजे आग नव्हे, ३७५ मीटरच्या चौकोनाचा मध्य. आग त्या १४ हेक्टरांत कुठेही असते, उपग्रह पाहतो त्या पट्ट्याच्या कडेला चौकोन आणखी पसरतो. मोहफुलं वेचायला झाडाखाली पहाटे पेटवलेला पाला तर दिसतही नाही. १५ फेब्रुवारीच्या आत रेषा जाळून साफ केली तरी साग मार्चअखेर पानं टाकतच असतो. पाला उडवायचा ब्लोअर पुन्हा फिरवावा लागतो. तो काय उपग्रह फिरवणार?

पश्चिम_नागपूर: इन्सॅट हा आपला हवामान उपग्रह दर अर्ध्या तासाला बघतो. विसरलात वाटतं.

जाळरेषा: त्याचा चौकोन ४ किलोमीटरचा, म्हणजे १६०० हेक्टर. शोधा बसून.

नकाशेकर: दोघंही भलतीकडेच भांडताय. खरा घोळ आकड्यांत होतो. अलर्टमध्ये अक्षांश येतो २१.४०, म्हणजे २१ अंश २४ मिनिटं, रामटेकच्या आसपास. जीपीएस अंश-मिनिटांवर लावलेला असेल तर माणूस तेच २१ अंश ४० मिनिटं म्हणून भरतो. सरळ तीस किलोमीटर उत्तरेला, देवलापारच्याही वर! २१.६५ असेल तर चूक लगेच कळते, साठाच्या वर मिनिटं नसतात. चाळिशीतली चूक मात्र खपून जाते.

जाळरेषा: हे कोणी विचारलं होतं?

नकाशेकर: न विचारता सांगतो. दुसरं, कक्षांचे (जंगलाच्या आखलेल्या तुकड्यांचे) जुने नकाशे एव्हरेस्ट डेटमवरच्या, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायच्या जुन्या चौकटीतल्या, टोपोशीटवरून काढलेले. डेटम न बदलता ते डब्ल्यूजीएस ८४ च्या, म्हणजे जीपीएसच्या चौकटीतल्या, ठिपक्यांखाली ठेवले की आपल्याकडे दीडशे-पावणेदोनशे मीटर सरकतात. ठिपका शेजारच्या कक्षात जातो आणि "आमच्या हद्दीत नाही" म्हणायला दोन्ही बीट मोकळे.

कोराडी_रोड: वीजकेंद्राची राख-धग, वीटभट्टी आणि शेतातलं धसकट गाळायचं कोण सांगणार? कायमच्या उष्ण जागांचा थर आधी वजा करा, मग अलर्ट पाठवा.

नकाशेकर: तो थर करताना रेषाजाळणीचे दिवसही वेगळे काढा. नाहीतर आपणच लावलेली आग आपल्यालाच अलर्ट म्हणून येते. जळीत क्षेत्र मोजताना तर आणखी गंमत: सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांत आगीआधीचं चित्र डिसेंबरचं घेतलं की पानगळीतला साग जळाल्यासारखाच दिसतो. दोन्ही चित्रं आगीच्या आगेमागची, शक्यतो आठवड्याभरातली घ्या.

पश्चिम_नागपूर: म्हणजे उपग्रह निरुपयोगी, एवढंच ना?

जाळरेषा: नाही हो भाऊ. २०१२ पासूनचे व्हिअर्सचे ठिपके एकावर एक टाकले की कोणते कक्ष वर्षाआड पेटतात ते दिसतं. माणसं आणि ब्लोअर तिथे आधी बसवा. एवढ्यापुरते तुमचे नकाशे मान्य. पण माणसं कापून नव्हे.

पश्चिम_नागपूर: कापा असं शब्दशः नव्हतं म्हटलं.

कोराडी_रोड: वर जा, पहिलीच पोस्ट वाचा.

नकाशेकर: वाचताना जीपीएस दशांश अंशांवर लावून घ्या.