अनुभव धागा: कब स्काउटांची पहिली मासेमारी सहल

अमेरिकेत पॅकबरोबर (लहान शाळकरी मुलांच्या, म्हणजे कब स्काउटांच्या, गटाबरोबर) सहकुटुंब तळ्यावर जाणाऱ्यांनी इथे नेमकं लिहा. मासा शिजवायचा कसा याचे धागे ढीगभर आहेत; इथे फक्त तो गळाला लावायचा कसा, तेवढंच.

गळवाला: पहिल्या दिवशी बास या मोठ्या माशाचा नाद सोडा, ब्लूगिल हा तळ्यातला छोटा मासा धरा. त्याचं तोंड चिमुकलं, म्हणून ८ किंवा १० नंबरचा गळ (नंबर वाढला की गळ लहान होतो, दुकानात इथेच घोटाळा होतो). ६ पौंडी दोरी, गळाच्या वर वीतभर अंतरावर शिशाची एक बारीक गोळी, आणि गळापासून दोन-अडीच फुटांवर बॉबर (पाण्यावर तरंगणारा गोळा, मासा लागला की बुडतो). बॉबर सुपारीएवढा पुरे. मोठा लावलात तर तो बुडवताना माशाला ओढ जाणवते आणि तो आमिष टाकून देतो. गांडूळ अख्खं ओवू नका. लोंबणारं टोक मासे कुरतडून नेतात आणि पोरं रिकामा गळ पाण्यात धरून बसतात. गळाचं टोक झाकेल एवढाच तुकडा लावा.

तळ्याकाठी: न्यू जर्सीकडे मेअखेर ते जून हा उत्तम काळ. ब्लूगिल अंडी घालायला काठाजवळ येतात, उथळ तळाशी फूटभर रुंदीचे गोल खळगे दिसतात. लांब फेकायची गरजच नाही. मात्र खळग्यावरचा नर अंडी राखत असतो, लागला तर लगेच सोडा.

आठ पोरांची आई: (सगळी माझी नव्हेत, डेनची, म्हणजे पॅकमधल्या एका वयाच्या छोट्या तुकडीची!) बटणाचा रील (दोरी गुंडाळायचं चाक) घ्या. बटण दाबून धरायचं, काठी मागे, पुढे आणताना डोळ्यांसमोर आली की सोडायचं. उशिरा सोडलं की बॉबर पायाशी आपटतो, लवकर सोडलं की आभाळात जातो. आधी अंगणात गळाऐवजी रबरी वजन बांधून सराव घ्या. तळ्यावर दोन मुलांत तीन-चार मीटर अंतर आणि दोघांमागे एक मोठं माणूस, नाहीतर सकाळ गुंते सोडवण्यातच जाते.

नियमवाला: न्यू जर्सीत १६ ते ६९ वयाला परवाना लागतो. पोरगं "बाबा, जरा धरा" म्हणालं आणि बाबांनी काठी धरून मासा ओढला, तर परवाना बाबांना हवा. जूनच्या सुरुवातीला बरीच राज्यं एखाद-दोन दिवस विनापरवाना मासेमारीला मुभा देतात, तारखा आधी बघा.

तळ्याकाठी: मासा लागलाच नाही तर बेअरचा (तिसरीतल्या कब स्काउटांचा) मासेमारीचा पट्ट्यावरचा लूप बुडतो का, असं आईबाप हमखास विचारतात. नाही. अट तासभर प्रयत्न करण्याची आहे.

मालवणकर: सुट्टीत कोकणात आलात तर जेटीवर काठीशिवायही जमतं. बाटलीला गुंडाळलेला तंगूस (नायलॉनची दोरी), आमिषाला कोळंबीचा तुकडा, भरती चढताना. शिंगाळा (मिशीवाला समुद्री मासा) लागला तर मुलांना हात लावू देऊ नका, पाठीवरचा आणि बाजूचे काटे विषारी असतात. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे न्या.

गळवाला: ब्लूगिललाही पाठीवर काटे असतात, विषारी नसतात एवढंच. हात ओला करून डोक्याकडून शेपटीकडे सरकवा, काटे मिटतात. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच चेपून ठेवा, मग माशातून काय आणि बोटातून काय, सहज निघतो. माशाने खोल गिळला असेल तर ओढाओढ नको. दोरी तोंडाजवळ कापून सोडून द्या. आणि टोप्या, चष्मे सगळ्यांना, मागे उभ्या आजोबांनाही.