मोटार बंद होताच अर्डुइनो उनो रीसेट होतो आणि एलसीडीवर विचित्र अक्षरे उमटतात

प्रश्न (जुळे सोलापूर)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, तेही बऱ्याचदा रात्री-अपरात्री. म्हणून खालच्या हौदातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटार आपोआप चालू-बंद व्हावी, यासाठी मी अर्डुइनो उनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर एक यंत्रणा तयार केली आहे. टाकीच्या झाकणाला आतून एचसी-एसआर०४ हा प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवला आहे आणि पातळी १६ बाय २ एलसीडीवर दिसते. बोर्डाच्याच ५ व्होल्टवर चालणारा रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) २३० व्होल्टच्या कॉन्टॅक्टरची (मोटारीसाठीच्या मोठ्या स्विचची) कॉइल चालू-बंद करतो आणि १ एचपीची मोटार त्या कॉन्टॅक्टरवर आहे. टेबलावर मोटारीऐवजी बल्ब जोडून पाहिले, तेव्हा सारे सुरळीत चालले. प्रत्यक्ष जोडणीत मात्र टाकी भरून कॉन्टॅक्टर सुटतो, त्याच क्षणी एलसीडीवर काहीतरी भलतीच अक्षरे येतात, कधी बोर्ड रीसेट होतो आणि टाकी भरलेली असतानाही मोटार क्षणभर पुन्हा सुरू होते. दोष प्रोग्राममध्ये शोधावा की जोडणीत?

उत्तर १ (अक्कलकोट रस्ता)

आपल्या वर्णनावरून दोष जोडणीत आहे, असे वाटते. मी यंत्रमागांच्या पॅनेलची कामे करतो आणि कॉन्टॅक्टर सुटताना शेजारचे इलेक्ट्रॉनिक कार्ड गोंधळणे हा तिथला नेहमीचाच प्रकार आहे. कॉइलमधला प्रवाह अचानक तुटला की तिच्यात साठलेली चुंबकीय ऊर्जा उच्च व्होल्टेजच्या झटक्याच्या रूपाने बाहेर पडते, रिलेच्या संपर्कांवर ठिणगी उडते आणि तो उपद्रव वायरींतून व हवेतूनही बोर्डापर्यंत पोहोचतो. साध्या बल्बमध्ये अशी कॉइल नसते, म्हणून टेबलावर आपल्याला तो दिसला नाही.

तरीही अंदाजावर न थांबता आधी दोषाची जागा निश्चित करावी. मेन स्विच बंद करून कॉन्टॅक्टरची कॉइल सोडवावी आणि रिले नुसताच वाजवून पाहावा. त्यात बोर्ड रीसेट झाला, तर ५ व्होल्टचा पुरवठाच अपुरा आहे, असे समजावे. लहान रिलेची कॉइल साधारण ७० मिलिअँपिअर घेते आणि उनोला गोल सॉकेटमधून १२ व्होल्ट दिले असतील, तर त्यावरचा व्होल्टेज ५ वर आणणारा रेग्युलेटर उरलेल्या ७ व्होल्टची नुसती उष्णता करीत असतो. रिले निर्धोक चालला, तर कॉइल जोडावी, पण मोटार सुटीच ठेवावी. त्यातही काही बिघडले नाही, तरच मोटारीकडे वळावे. एक लक्षात असू द्या : संगणकावर सिरियल मॉनिटर (बोर्डाचे संदेश दाखवणारी खिडकी) उघडला की उनो स्वतःहूनच रीसेट होतो, त्यामुळे त्या रीसेटवरून निष्कर्ष काढू नये.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे तपासले. नुसत्या रिलेने काहीही होत नाही. कॉन्टॅक्टरची कॉइल जोडली की मोटार सुटी असतानाही अक्षरे बिघडतात. रिलेच्या कॉइलवर झटका शोषणारा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो, तसाच येथेही लावावा का?

उत्तर १ (अक्कलकोट रस्ता)

नाही, डायोड अजिबात लावू नका. तो डीसी कॉइलसाठी असतो आणि आपल्या रिले मॉड्यूलवर तो बहुधा आधीपासूनच असेल. एसी कॉइलवर लावल्यास पुरवठ्याच्या प्रत्येक आवर्तनात अर्धा वेळ तो शॉर्टसर्किटच होईल. येथे १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापुढे एक जोडून ती जोडी कॉइलच्या दोन टोकांवर लावावी. कपॅसिटरवर २७५ व्होल्ट एसी आणि ‘एक्स-२’ (मेन लाइनवर लावण्याजोगा सुरक्षित वर्ग) हे दोन्ही छापलेले असलेच पाहिजे. खेळण्यातल्या सर्किटचा कपॅसिटर २३० व्होल्टवर लावणे धोक्याचे आहे. अशीच जोडी आत असलेला तयार सर्ज सप्रेसर मिळाला, तर अधिक उत्तम.

रिलेचा पुरवठाही वेगळा करावा. मॉड्यूलवर ‘जेडी-व्हीसीसी’ (रिलेच्या कॉइलचा पुरवठा) या पिनची जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, असेल, तर ती काढून त्या पिनला आणि मॉड्यूलच्या ग्राउंडला दुसऱ्या अडॅप्टरचे ५ व्होल्ट द्यावेत, बोर्डाकडून फक्त व्हीसीसी (५ व्होल्ट) व सिग्नल या दोनच वायरी याव्यात आणि दोन्ही ग्राउंड एकमेकांना जोडू नयेत. ते जोडले, तर दोन्ही बाजू विजेने अलग ठेवून फक्त प्रकाशाने सिग्नल पोहोचवणारा मॉड्यूलवरचा ऑप्टोकपलर असून नसल्यासारखा. एकाच रिलेच्या स्वस्त मॉड्यूलवर बहुधा ही सोय नसते, तेव्हा दोन रिलेंचे घ्यावे. २३० व्होल्टच्या वायरी आणि सेन्सरची केबल एका पाइपमधून नेऊ नये.

उत्तर २ (तंत्रनिकेतनातील अध्यापक)

वरील सल्ला योग्यच आहे, परंतु भरलेल्या टाकीवर मोटार पुन्हा सुरू होण्याला प्रोग्रामचाही हातभार असू शकतो. बहुतेक रिले मॉड्यूल सिग्नल ‘लो’ (शून्य व्होल्ट; ‘हाय’ म्हणजे ५ व्होल्ट) झाल्यावर चालू होतात. प्रोग्रामच्या सुरुवातीच्या सेटअप भागात आधी पिनमोडने पिन आउटपुट केली आणि नंतर ‘हाय’ लिहिले, तर त्या दोन ओळींच्या मधल्या क्षणी पिन ‘लो’ राहते. म्हणून डिजिटलराइट या आज्ञेने ‘हाय’ आधी लिहावे आणि आउटपुट नंतर घोषित करावे.

सेन्सरबाबत अधिक काळजी घ्यावी. टाकीतल्या वाफेने त्याच्या जाळीवर थेंब साचतात आणि प्रतिध्वनी परत आला नाही, तर एचसी-एसआर०४ सुमारे ३८ मिलिसेकंदांचा लांबलचक पल्स देतो. प्रोग्राम त्याचे अंतर ६ मीटरहून जास्त काढतो, म्हणजे त्याच्या लेखी टाकी ठणठणीत कोरडी! टाकीच्या उंचीपेक्षा मोठे आणि शून्य असे दोन्ही आकडे सरळ टाकून द्यावेत आणि सलग घेतलेल्या काही मोजमापांतला मधला आकडा वापरावा. जलरोधक सेन्सर घेतल्यास तो साधारण २० ते २५ सेंटिमीटरच्या आतले मोजू शकत नाही, त्यामुळे तो झाकणापासून वर उचलून बसवावा लागेल.

सोलापूरच्या उन्हाचाही येथे संबंध येतो. सेंटिमीटरमध्ये अंतर काढताना प्रतिध्वनी यायला लागलेल्या मायक्रोसेकंदांना ५८ ने भागतात, ते साधारण २० अंशांच्या हवेसाठी. ४० अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५५ मीटर होतो आणि १२० सेंटिमीटरचे अंतर साडेतीन सेंटिमीटरने कमी दिसते. मोटार थोडी लवकर बंद होईल, एवढाच त्याचा परिणाम. तेव्हा उन्हाळ्यात ५६ ने भागले तरी पुरे.

हौद रिकामा झाल्यावर मोटार कोरडी फिरणे हा मात्र खरा धोका आहे आणि तो प्रोग्रामच्या भरवशावर सोडू नये. हौदाच्या तळाशी २३० व्होल्टसाठीच बनवलेला फ्लोट स्विच बसवून तो कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वायरीत मालिकेत जोडावा, म्हणजे बोर्ड अडकला तरी मोटार थांबेल. पाण्याजवळची जोडणी असल्याने मागे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवीच, आणि हे एवढे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.