खेड्यातली हॉट हॅच : थोडी सजवावी का जशी आली तशीच ठेवावी?

पऱ्हाटीतला टर्बो (दारव्हा)

राम राम राजेहो. दोन वर्षं झाली, सेकंडहँड ह्युंदाई आय-२० एन लाईन घेतली. हॉट हॅच, म्हणजे दिसायला छोटी पण पळायला जोरदार गाडी. २०२१ चं मॉडेल, एन-८, आयएमटीवाली; म्हणजे गिअर हातानं टाकायचा, पण पायाखाली क्लचचं पेडल नाही. एक लिटरचं तीन सिलिंडर टर्बो (हवा दाबून आत ढकलणारं) इंजिन, ताकद १२० पीएस (अश्वशक्ती), टॉर्क १७२ न्यूटन मीटर. बाबा म्हणाले, "एवढ्यात जुनी बोलेरो आली असती, मागं दोन पोते खत तरी टाकता आलं असतं." खत मी आताही आणतो. डिक्कीत ताडपत्री अंथरून.

गाव दारव्हा तालुक्यात, नोकरी यवतमाळला. जाऊन-येऊन रोज शंभरेक किलोमीटर. गावापासून डांबरी रस्त्यापर्यंत तीन किलोमीटर पांदण, आणि ती काळ्या मातीतली. ज्यांना काळी माती माहीत आहे त्यांना सांगायला नको: पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा डांबरी रस्तासुद्धा हिच्यामुळं लाटांसारखा वरखाली होतो. सुट्टीत मात्र कारंजा लाडला समृद्धी धरायची, एकशेवीसवर काटा ठेवायचा आणि पुण्या-मुंबईच्या दिशेनं सुटायचं. एकाच गाडीकडून दोन्ही कामं पाहिजेत, म्हणून मी एवढं केलं:

टायर १९५/५५ आर १६ चे काढून २०५/५५ आर १६ टाकले (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, शेवटचा रिम किती इंची). चेंबर (इंजिनखालचं ऑईलचं भांडं) फुटू नये म्हणून खालून लोखंडी इंजिन गार्ड लावला. पुढं दोन पिवळे जादा दिवे लावले, कारण कापसाच्या ट्रॉलीला मागं लाल दिवा तर सोडाच, रिफ्लेक्टरही नसतो. ब्रेक पॅड थोडे बरे बसवले. चिखलदऱ्याहून उतरताना पहिल्या पॅडचा वास आला होता. शिवाय डॅशकॅम, हवा भरायचं छोटं यंत्र आणि मडफ्लॅप. इंजिनला हात लावला नाही.

माझं म्हणणं असं, की आपल्याकडं अशी गाडी घेतली तर एवढी कामं करायलाच हवीत. जोर वाढवायला नव्हे, गाडी इथं टिकावी म्हणून. कोणाचं वेगळं मत असेल तर खोडून दाखवा.

कलम बावन्न (अकोला)

खोडतो. तुमच्या यादीतल्या दोन गोष्टी सरळ सरळ अडचणीच्या आहेत.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीनं मूळ जे दिलं आणि आरसीवर जे लिहिलं, त्याच्याशी विसंगत बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत १८२-अ आलं: परवानगी नसलेला सुटा भाग बसवून मालकानं गाडी बदलली तर एकेका बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. २०५ चा टायर तुमच्या मॉडेलच्या कंपनीच्या यादीत नाही. जादा दिव्यांचंही तसंच.

आता तुम्ही म्हणाल, दारव्ह्याच्या चौकात टायरचा आकार कोण वाचतो? चौकात कोणी वाचत नाही. अपघातानंतर विम्याचा सर्वेअर वाचतो. त्याला टायरच्या बाजूवरचे आकडे वाचायला अर्धा मिनिट लागतो, आणि तुमचा क्लेम अडतो तो तिथं.

इंजिन गार्ड, डॅशकॅम, हवेचं यंत्र याला माझी हरकत नाही. बाकी गाडी कंपनीतून आली तशी ठेवा आणि उरलेले पैसे सर्व्हिसिंगला लावा. आपल्या भागातली निम्मी "मॉडिफाय" गाडी वेळेवर ऑईल न बदललेली असते.

वणीचा कोळसा

काहून बे टर्बो, तू त निरा भजन मंडळाची गाडी करून ठेवली! टर्बो घेतला अन् इंजिनले हात नाई लावला म्हनजे वावर घेतलं अन् पेरलंच नाई. रिमॅप कर, म्हनजे इंजिनच्या संगणकातली फाईल बदल. लॅपटॉप जोडला, फाईल टाकली, वीसेक पीएस वाढले, काम खतम. वरून कोनाले दिसत नाई, बावन्न साहेबाच्या सर्वेअरलेबी नाई. माह्या मित्राची हाय, यवतमाळ-वणी रस्त्यावर ट्रक कवा मागं पडते समजत नाई. ओव्हरटेकले जेवढा कमी वेळ, तेवढा धोका कमी. हेबी सुरक्षाच झाली ना भाऊ?

अन् हवेचा उघडा फिल्टर लाव. आवाज पाहाय मंग.

पऱ्हाटीतला टर्बो

कोळसा भाऊ, ओव्हरटेकचं तुझं बोलणं अर्धं खरं आहे. पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता बोनेट उघडून हात घालून पाहा. ४५ च्या वर पारा असताना टर्बोला आधीच गरम हवा मिळते, इंजिनचा संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडून इंजिन वाचवत असतो. त्याच वेळी तू त्याला सांगणार, "अजून जोर लाव." दुसरं, पेट्रोल. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या दहा टक्के इथेनॉल धरून बनवलेल्या, आणि पंपावर आता मिळतं वीस टक्क्यांचं. ती रिमॅपची फाईल ज्यानं लिहिली, त्यानं कोणतं पेट्रोल धरून लिहिली? तुझ्या मित्राला विचार. मग वाढलेल्या जोरात क्लच किती टिकला ते विचार.

उघड्या फिल्टरचं तर नावच नको. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मळणीयंत्र रस्त्याच्या कडेला चालतं, अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं, आणि भुसा धुक्यासारखा तरंगतो. कंपनीचा कागदी फिल्टर त्या महिन्यात काढून झटकला तर मूठभर निघतो. शिवाय उघडा फिल्टर बोनेटखालचीच गरम हवा ओढतो. आवाज मिळतो, जोर जातो.

वणीचा कोळसा

इथेनॉलनं ऑक्टेन वाढते, कमी नाई होत. मंग नॉक, म्हनजे पेट्रोल येळेआधी पेटून इंजिन ठोकनं, होईन कसं? उगाच भेव दाखवतं तू.

पन भुशाचं बराबर हाय. माह्या मित्राचा फिल्टर दिवाळीत पाह्यला, निरा गोठा.

पांढरी अॅक्टिव्हा (नेर)

मी गाडीवाली नाही, शिक्षिका आहे. रोज अठरा किलोमीटर स्कूटरवर शाळेत जाते, त्यामुळं तुमच्या चर्चेत माझी जागा समोरून येणारीची आहे. टर्बो दादा, तुमचे ते दोन पिवळे दिवे ट्रॉली दिसावी म्हणून आहेत, ठीक. पण हिवाळ्यात शाळेचा कार्यक्रम उरकून झाकट पडल्यावर मी घरी येते, तेव्हा समोरून असे दिवे आले की मला ट्रॉलीही दिसत नाही, रस्त्याची कडही दिसत नाही आणि कडेचा खड्डाही नाही. मी थांबून जाते. दरवेळी थांबते. तुम्ही भुर्रकन निघून जाता, तुम्हाला कळतही नाही की कोणी थांबलं होतं.

दिवे समोरच्याला पाहून बंद करतो, असं सगळेच म्हणतात. स्कूटरचा दिवा केवढासा, तो दिसेपर्यंत तुमचा उजेड माझ्या डोळ्यांत गेलेला असतो.

आणि एक. माझ्या भावाकडं अशीच कडक सस्पेन्शनची गाडी आहे. तो पुढं बसून "काय पकड आहे!" म्हणतो. मागं आई बसते. पुसदच्या दवाखान्यात पाठ दाखवायला निघालो होतो आणि पोचेपर्यंत पाठीचं दुखणं दुप्पट झालं होतं. तुमच्या यादीत मागच्या सीटवरच्या माणसासाठी काय आहे?

पऱ्हाटीतला टर्बो

ताई, दिव्यांचं मान्य. मी वळणावर आणि समोरून कोणी दिसलं की बंद करतो असंच लिहिणार होतो, तुम्ही आधीच तोंड बंद केलं. तरी रोह्याचं (नीलगाईचं) काय करायचं ते सांगा. नेरच्या बाजूला रात्री रोही आडवा आला तर तो घोड्याएवढा असतो, आणि येतो तेव्हा एकटा येत नाही.

कलम बावन्न

रोह्यासाठी दिवा नाही, वेग कमी करतात.

हवा कमी (परतवाडा)

पंचवीस वर्षं टायरचं दुकान आहे, म्हणून बोलतो. तुम्ही सगळे वरवर भांडून राहिले, टायरपाशी कोणी थांबलंच नाही.

टर्बो भाऊ, हिशेब करा. १९५/५५ आर १६ ची उंची ६२१ मिलिमीटर. २०५/५५ ची ६३२. म्हणजे गाडी उचलली किती? अर्धा फरक धरायचा, साडेपाच मिलिमीटर. गावातले स्पीड ब्रेकर तुम्हाला माहीत आहेत. रस्त्यांच्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, म्हणजे लांबट चढ-उतार पाहिजे. आपल्याकडं एखादं लेकरू अपघातात सापडलं की लोक रात्रीतून मुरूम-सिमेंटची एक फूट रुंदीची भिंत घालतात. त्या भिंतीला तुमचे साडेपाच मिलिमीटर म्हणजे नख.

तुमचं खरं दुखणं उंची नाही, रिम आहे. १९५/५५ च्या टायरची भिंत १०७ मिलिमीटर. खड्ड्याची कड लागली की रबर चेपतो आणि रिम वाकते. पावसाळ्यात माझ्याकडं रोज अशी एखादी अलॉय (मिश्रधातूची रिम) येते. २०५ नं ती भिंत ११३ झाली. बरी, पण थोडीच.

आता ऐका. तुमच्याच गाडीच्या खालच्या मॉडेलला कंपनी १८५/६५ आर १५ देते. त्याची उंची काढा: ६२१.५. म्हणजे तुमच्या मूळ टायरएवढीच, स्पीडोमीटर हलत नाही, आणि भिंत १२० मिलिमीटर! रिम एक इंच लहान, रबर १३ मिलिमीटर जास्त. खड्डाही पचतो, ताईंच्या आईची पाठही थोडी सुखावते, वजन हलकं होतं म्हणून पिकअपही बरा लागतो. बावन्न साहेब, आकार त्याच गाडीच्या घरातला आहे.

एकच अट. तुमच्या मॉडेलला चारही चाकांना डिस्क आहेत. पंधराची रिम कॅलिपरला (डिस्क दाबणाऱ्या ब्रेकच्या चिमट्याला) घासते का, ते आधी एक चाक बसवून, हातानं फिरवून पाहायचं. न पाहता चार विकत घेऊ नका. मी विकणारा असून सांगतो.

एक्सएल टीव्हीएस (दिग्रस)

१२० पीएसच्या गाडीला पंधराची रिम??? काका, मागून पाहिलं तर चाक कमानीत हरवून जाईल. वरात घोड्यावर आणि पायात स्लिपर. मग आय-२० चं साधं मॉडेलच घ्यायचं होतं ना.

हवा कमी

बाळा, बाहेरचा घेर तेवढाच आहे. चाक हरवणार नाही, रबर जास्त दिसेल. ज्याला रबर दिसलेलं चालत नाही त्यानं घरासमोर उभी करून पुसत बसावं.

कलम बावन्न

हवा कमी साहेबांचा मुद्दा पूर्ण मान्य करायला मी तयार नाही. खालच्या मॉडेलचा आकार असला तरी तुमच्या मॉडेलच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत तो छापलेला आहे का, हे पाहा. नसेल तर विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. पण २०५ पेक्षा हे शंभर पटीनं बरं, एवढं कबूल करतो. कोपरापासून हात जोडून सांगतो, ते पिवळे दिवे काढा.

वणीचा कोळसा

समृद्धीवर पंधराची चालते का पन? तठी टायर फुटून राह्यले लोकायचे.

हवा कमी

पंधरा-सोळाचा प्रश्न नाही रे, हवेचा आहे. सिमेंटचा रस्ता, वर ऊन, एकशेवीसचा वेग आणि गाडीत पाच जणं. टायरवर लिहिलेला भार आणि वेग पाळला पाहिजे. १८५/६५ आर १५ मध्ये ८८ एच मिळतो, म्हणजे एका टायरला ५६० किलो आणि ताशी २१० पर्यंत. तुला पुरून उरेल. लोक फसतात ते दुसरीकडंच. हवा सकाळी टायर गार असताना भरायची. साडेपाच अंश तापमान वाढलं की साधारण एक पीएसआय वाढते. दुपारी थांब्यावर मोजली, जास्त दिसली, सोडून दिली. मग संध्याकाळी टायर गार झाला की कमी हवेवर पळतो, त्याची भिंत मोडत राहते, आतून तापतो, आणि एक दिवस जातो. माझ्या नावावर हसतात लोक, पण मी ते मुद्दाम ठेवलं आहे.

आणि टायरवरची तारीख वाचा. शेवटचे चार आकडे: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी जुना टायर घेऊन समृद्धीवर चढू नका.

पांढरी अॅक्टिव्हा

टर्बो दादा गप्प का?

पऱ्हाटीतला टर्बो

गप्प नाही ताई, खाली वाकून दाराची पट्टी वाचत होतो. बाबांनी विचारलं काय शोधून राहिला, म्हटलं टायरचा नंबर. म्हणाले, "बोलेरोच्या टायरचाही पाहून ठेव."

ब्रेक पॅड आणि गार्ड राहतील, त्यावर माघार नाही. गार्ड दोनदा खडकावर आपटलाय, त्याच्या जागी चेंबर असता तर ऑईल सांडून इंजिन गेलं असतं. पिवळे दिवे आज संध्याकाळी उतरवले, वायर कापली नाही, टेप लावून बाजूला केली. बावन्न साहेब, तेवढी सवलत द्या.

टायरचं मात्र मनाला लागलंय. २०५ चे चार टायर तीस हजारांना पडले, आणि ते फक्त साडेपाच मिलिमीटरचे होते हे मला परतवाड्याहून कळावं! रविवारी येतो काका. पंधराची एक रिम काढून ठेवा, कॅलिपरला घासते का पाहू. चिखलदऱ्याला जायचंच आहे, वाटेत होईल.

एक्सएल टीव्हीएस

दादा, तुमच्या सोळाच्या अलॉय विकणार असाल तर मी घेतो. माझ्या साध्या आय-२० ला बसतील ना?

हवा कमी

झालं. हा आता उलट्या दिशेनं निघाला.