विषय: ब्लेअर विच प्रोजेक्ट, एवढं काय आहे त्यात?

प्रेषक: नीलेश

नमस्कार मंडळी,

मूव्ही नाइटच्या यादीत 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'ला सगळ्यात जास्त मतं पडलेली दिसली म्हणून काल रात्री दिवे घालवून बघायला बसलो आणि खरं सांगू का, डोकं फिरलं. ऐंशी मिनिटं चेटकिणीवर फिल्म करायला निघालेली तीन पोरं जंगलात फिरतात, नकाशा हरवतात, भांडतात, परत फिरतात, परत भांडतात. रात्री तंबूबाहेर कसले तरी आवाज, सकाळी दगडांचे ढिगारे, मग झाडांना लटकवलेल्या काड्यांच्या बाहुल्या. आणि चेटकीण? ती शेवटपर्यंत येतच नाही! नावातच चेटकीण आहे ना राव, मग एकदा तरी तोंड दाखवावं की नाही तिने.

माझं स्पष्ट मत, या सिनेमाचं नाव झालं ते निव्वळ मार्केटिंगमुळे. 1998 मध्येच वेबसाइट काढली, त्यावर खोटा इतिहास, खोटे पोलिसांचे कागद, तीन विद्यार्थी अमेरिकेतल्या मेरिलंडच्या जंगलात बेपत्ता अशी सगळी कहाणी. 1999 च्या जानेवारीत सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला ही मुलं हरवली आहेत अशी पोस्टरं वाटली. आयएमडीबी या सिनेमांची माहिती देणाऱ्या साइटवर त्या तिघांच्या नावापुढे बेपत्ता, बहुधा मृत असं लिहिलेलं होतं. तेव्हा इंटरनेटवर दिसेल ते खरं मानायचे लोक, घाबरले बिचारे. आता सगळं खोटं होतं हे माहीत असताना बघितला तर हातात काय उरतं? हजारांतल्या खर्चावर 25 कोटी डॉलर्सच्या आसपास कमाई केली म्हणून एमबीएवाल्यांना जरूर शिकवा, पण हॉरर म्हणून नका हो गळ्यात मारू.

आणि एवढी कमाई झालेल्या सिनेमाला 'कल्ट', म्हणजे मोजक्या पण कट्टर चाहत्यांचा सिनेमा, कशाला म्हणायचं हेही कोणीतरी समजावा.

नीलेश

---

प्रेषक: केदार

+1. त्या तिघांतल्या हेदरचा आरडाओरडा ऐकून चेटकीणच पळून गेली असणार.

---

प्रेषक: मीनल

नीलेश, केदार,

मी हा 1999 मध्ये थिएटरात बघितलाय, अगदी पुढच्या रांगेत, कारण मागची तिकिटं मिळाली नाहीत. कॅमेरा एवढा हलतो की पंधराव्या मिनिटाला मळमळायला लागलं आणि मी डोळे मिटून घेतले. (त्या वेळी बऱ्याच जणांना असा त्रास झाला होता, पेपरात सुद्धा आलं होतं.) पण सांगायची गोष्ट पुढेच आहे. डोळे मिटल्यावर सिनेमा जास्त भीतीदायक झाला. पडद्यावर तसंही काळोखाशिवाय काही नव्हतं, पण लांबून फांद्या मोडल्याचे आवाज, मग जरा जवळून, मग तंबूच्या कापडाशेजारी, आणि मधेच लहान मुलांचे आवाज... मी बाहेर पडले तेव्हा मळमळ थांबली होती आणि गाडीपर्यंत एकटी जायला नको वाटत होतं. वेबसाइट वगैरे मी बघितलेली नव्हती, नटमंडळी जिवंत आहेत हेही ठाऊक होतं. त्यामुळे सगळं श्रेय जाहिरातीचं हे मला नाही पटत.

मीनल

---

प्रेषक: शिरीष

नीलेश,

जाहिरातीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण रात्री तंबू हलवला तो काही वेबसाइटने नाही. हा सिनेमा कसा शूट झाला ते वाचलंस तर मधला भाग कंटाळवाणा का वाटतो आणि तसा का असायला हवा दोन्ही कळेल, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कंटाळा आला तर डिलीट मार.

डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ हे दोघं फ्लोरिडातल्या फिल्म स्कूलमधून बाहेर पडलेले, खिशात पैसे नाहीत. संवाद लिहिलेलेच नव्हते, नुसता प्रसंगांचा आराखडा. 1997 च्या ऑक्टोबरमध्ये हेदर डोनाह्यू, जोशुआ (जोश) लिनर्ड आणि मायकल (माइक) विल्यम्स या तिघांना जंगलात सोडलं आणि साधारण आठ दिवसांत शूटिंग संपवलं. कॅमेरामन म्हणून वेगळं कोणी नाही, तिघांना आधी कॅमेरे चालवायला शिकवलं आणि पुढचं सगळं त्यांनीच शूट केलं. एक रंगीत हाय-एट व्हिडिओ कॅमेरा, एक 16 एमएमचा ब्लॅक अँड व्हाइट फिल्म कॅमेरा. हातात जीपीएस, त्यावरून ठरलेल्या जागी पोचायचं, तिथे डबे ठेवलेले, डब्यात प्रत्येकाच्या नावाची वेगळी चिठ्ठी, आणि ती दुसऱ्याला दाखवायची नाही. म्हणजे आज तुला पुढे जायचंय, तुला परत फिरायचंय, एवढंच. दुसऱ्याच्या चिठ्ठीत काय आहे ते माहीत नाही, त्यामुळे समोरचा अचानक का पेटला हे कळायच्या आत भांडण सुरू. त्यात दिग्दर्शक रोज खाणं कमी कमी करत गेले आणि रात्री झोपू द्यायचे नाहीत, स्वतः अंधारात येऊन आवाज करायचे, मुलांचे आवाज टेपवर वाजवायचे, तंबू गदागदा हलवायचे. कोणाला खरंच भूमिकेतून बाहेर यायचं असेल तर 'टाको' म्हणायचं असं ठरलेलं होतं. विचार कर, शेवटच्या दोन दिवसांत जे चेहरे दिसतात त्यावर मेकअप नाहीये, ती खरंच अर्धपोटी, भिजलेली, न झोपलेली माणसं आहेत.

आता तू म्हणतोस नुसती भांडतात. अरे, भांडतात तोच सिनेमा आहे! माइक नकाशा लाथेने ओढ्यात उडवतो आणि ते कबूल करताना हसतो, ते हसू बघ परत. भूत असो नसो, तीन माणसं एकमेकांवरचा भरवसा कसा गमावतात ते मला दुसऱ्या कुठल्या हॉररमध्ये इतकं जवळून दिसलेलं नाही.

आणि शेवटचं घर. तिथे एक गोष्ट आहे जी पहिल्यांदा बघताना नुसती जाणवते, कळत नाही. जोश आधीच गायब झालेला, व्हिडिओ कॅमेरा आता माइककडे आणि फिल्म कॅमेरा हेदरकडे. फिल्म कॅमेऱ्यात आवाज येत नाही, आवाज सगळा व्हिडिओ कॅमेऱ्यातला. माइक पळत खाली तळघरात जातो, हेदर मागे राहते. म्हणजे आपण बघतोय हेदरच्या डोळ्यांनी, पण तिची किंकाळी आपल्याला ऐकू येते ती लांबून, खालच्या मजल्यावरून ऐकावी तशी. ती जिने उतरते तसतसा तिचाच आवाज जवळ येतो. आपण तिच्यात आहोत आणि जो कोणी खाली थांबलाय त्याच्याजवळही आहोत. मी हा तुकडा हेडफोन लावून ऐकला तेव्हा मानेवर काटा आला. ही वेबसाइटची करामत नव्हे, एडिटिंग टेबलवरची आहे.

कल्टचं म्हणशील तर कमाई कमी असलीच पाहिजे असा काही नियम नाही. निम्मे लोक शिव्या देतात आणि निम्मे पारायणं करतात, आपल्या या थ्रेडवर दुसरं काय चाललंय?

शिरीष

---

प्रेषक: नीलेश

शिरीष,

आवाजाचं छान लिहिलंस, ते परत बघेन. पण तू दिलेल्या माहितीनेच माझा मुद्दा पक्का होतो. मी पण काल थोडं वाचलं. एका रात्री तिघं तंबूतून बाहेर पळतात आणि हेदर कशाकडे तरी बघून किंचाळते, आठवतंय? तिथे खरं तर टीममधला एक माणूस पांढरे कपडे घालून, तोंडावर स्टॉकिंग ओढून उभा केलेला होता. पळता पळता कॅमेरा तिकडे वळवायचा राहून गेला, म्हणून तो दिसला नाही! म्हणजे 'न दाखवण्याची कला' म्हणून गेली पंचवीस वर्षं जे कौतुक चाललंय तो अपघात आहे. वळला असता कॅमेरा तर पांढऱ्या कपड्यातलं भूत दिसलं असतं आणि आज हा सिनेमा कोणाला आठवला नसता.

शिवाय सापडलेल्या फिल्मची, म्हणजे हरवलेल्या माणसांनी शूट केलेलं म्हणून सिनेमा दाखवायची, आयडियासुद्धा यांची नाही. 1980 चा इटालियन 'कॅनिबल होलोकॉस्ट' आहेच की, त्याच्या दिग्दर्शकाला तर नट जिवंत आहेत हे कोर्टाला पटवून द्यावं लागलं होतं. मग या पोरांनी नवीन काय केलं? नशीब जोरावर होतं एवढंच म्हणायचं.

नीलेश

---

प्रेषक: शिरीष

तो पांढऱ्या कपड्यांचा किस्सा माझ्याच बाजूने आहे बघ. कॅमेरा वळला नाही हा अपघात, मान्य. पण नंतर? सनडान्सनंतर आर्टिझन या वितरक कंपनीने सिनेमा सुमारे 11 लाख डॉलर्सला घेतला आणि शेवट कळत नाही म्हणून दिग्दर्शकांना वेगळे शेवट शूट करून आणायला लावलं. ते गेले, केलेही. तेव्हा त्यांच्याकडे पैसे होते, वेळ होता, हवी तेवढी भुतं उभी करता आली असती. तरी ठेवला तो मूळचाच, माइक कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा, हेदर किंचाळते, कॅमेरा खाली पडतो, संपलं. मदतीला फक्त सुरुवातीच्या मुलाखतींमध्ये एक तुकडा जोडला, त्यात गावातला एक जण सांगतो की पूर्वी इथे एक खुनी एका मुलाला कोपऱ्यात उभं करून दुसऱ्याला मारायचा. सुरुवातीला ऐकलेलं ते वाक्य आपण विसरून जातो आणि ते एकदम शेवटच्या पाच सेकंदांत येऊन डोक्यात आदळतं. फुकट मिळालेलं काय ठेवायचं आणि पैसे देऊन आणलेलं काय फेकून द्यायचं हे ज्याला कळतं त्याला नशीबवान म्हणून मोकळं होता येत नाही.

कॅनिबल होलोकॉस्ट आधीचा आहे हे बरोबर. पण त्यात सगळं दाखवतात, जरा जास्तच दाखवतात. इथे उलटं आहे. 2007 च्या 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी'पासून पुढे जी रांग लागली ती याच्या मागे लागली.

---

प्रेषक: मुग्धा

तुम्ही दोघं दिग्दर्शक चांगले का नशीबवान यावरच अडकलायत. कॅमेरा कोणी धरला? संवाद कोणी बोलले? उपाशी कोण राहिलं? शिरीषदादाने लिहिलंच आहे, ते तिघं नट, लेखक, कॅमेरामन सगळंच होते, आणि सिनेमात खऱ्या नावांनी वावरले. ती नावंच मग जाहिरातीत मेलेल्या माणसांची म्हणून वापरली गेली. हेदरच्या आईला लोकांनी सांत्वनाची कार्डं पाठवली होती!

आणि हेदरला काय मिळालं? सर्वांत वाईट अभिनेत्री म्हणून रॅझी, म्हणजे वाईट सिनेमांची थट्टा करायला देतात तो पुरस्कार. केदार, तुझा जोक तेव्हाही लोक असेच मारत होते. ती ओरडते कारण तिघांत तीच एकटी फिल्म पूर्ण करायची धडपड करतेय, आणि सगळं हाताबाहेर जातंय हे कळल्यावर सुद्धा कॅमेरा खाली ठेवत नाही, कारण तेवढंच हातात उरलंय. तो टॉर्चच्या उजेडातला क्लोजअप बघा, जिथे ती सगळ्यांच्या आयांची माफी मागते, अर्धा चेहरा फ्रेमच्या बाहेर, नाक वाहतंय, एक डोळा भिरभिरतोय. त्या सीनची नंतर इतक्या विनोदी सिनेमांनी टर उडवली की आता मूळ सीन बघतानाही लोक हसायच्या तयारीत बसतात. 25 कोटी डॉलर्सच्या धंद्यात या तिघांच्या वाट्याला किती थोडं आलं यावरून नंतर वाद झालेच, 2024 मध्ये तिघांनी जाहीर पत्र लिहून रॉयल्टीसारखे पैसे मागितले. हेदरने तर नावसुद्धा बदललंय.

म्हणून माझ्या मते सिनेमाला मिळालेलं नाव योग्यच आहे, चुकीच्या पत्त्यावर गेलंय एवढंच. सगळ्यात भीतीदायक सिनेमा कुठला या यादीत त्याला कुठे बसवायचं ते बसवा, मला फरक पडत नाही. अभिनयाच्या यादीत तो असायला हवा होता आणि तिथे कोणी नेलाच नाही.

मुग्धा

---

प्रेषक: केदार

मुग्धा, जोक परत घेत नाही, पण तो क्लोजअप आत्ता लावून बघितला. टॉर्च खालून असल्यामुळे डोळ्यातलं पाणी दिसतं आधी आणि डोळा नंतर. ठीक आहे, अभिनय आहे.

---

प्रेषक: नीलेश

मुग्धाचा मुद्दा दमदार आहे, हेदरबद्दल मी काही बोलणार नाही आता. पण मधली वीस मिनिटं मला तरीही लांबलेली वाटतात. जवळजवळ वीस तासांच्या फुटेजमधून 81 मिनिटं काढली म्हणतात, तर अजून दहा काढता आली असती. दिवसाचे सीन एकसारखे आहेत, तीच झाडं, तीच पायपीट, आणि जोश गायब होईपर्यंत गोष्ट पुढे सरकत नाही. शिरीष म्हणेल तोच तर सिनेमा आहे, म्हणू दे. चांगला प्रयोग, मोठं धाडस, साडेसहा मार्क. 'सर्वकालीन महान' वगैरे नाही.

मूव्ही नाइटला माझा विरोध मात्र मागे.

---

प्रेषक: मीनल

मग दाखवायचं ठरलंच आहे तर दोन-तीन गोष्टी बघा. प्रोजेक्टरवर भिंतभर मोठा करू नका, चित्र जेवढं मोठं तेवढी मळमळ जास्त, मध्यम आकारात ठेवा आणि पुढच्या दोन रांगा रिकाम्या सोडा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतील कारण चित्र जवळपास चौकोनी आहे, कोणीतरी उठून ते ताणून रुंद करेल, करू देऊ नका. स्पीकर नीट लावा, लॅपटॉपच्या आवाजावर हा सिनेमा दाखवण्यात काही अर्थ नाही. मध्यंतर नको. ज्यांना गाडी लागते त्यांना आधीच सांगून ठेवा. आणि सुरुवातीच्या मुलाखती चालू असताना गप्पा मारणाऱ्यांना शिरीष गप्प करेल, ते काम त्याच्याकडे.

2000 सालचा दुसरा भाग कोणी सुचवायचा नाही, तो मी बघितलाय.

मीनल